रानड्यांचा वंशवृक्ष आणि गोदाकाठच्या वह्या

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाड येथे झाला. 'निफाड, जिल्हा नाशिक' असे आपण सहज लिहितो आणि त्याचा अभिमानही बाळगतो. पण त्या दिवशी नाशिक जिल्हा अस्तित्वातच नव्हता. निफाड तेव्हा अहमदनगरच्या कलेक्टरीत मोडत होते आणि नाशिक जिल्हा १८६९ साली वेगळा झाला. रानड्यांचे वडील गोविंदराव निफाडच्या मामलेदार कचेरीत हेड कारकून होते. त्यांच्या नोकरीचा माग काढायला निघालेला माणूस नाशिकच्या रेकॉर्ड रूममध्ये जाऊन बसला, तर त्याची पहिलीच पायरी चुकते. वंशाचा शोध घेताना आधी हद्दींचा इतिहास माहीत असावा लागतो.

रानड्यांच्या घराण्याचा ठळक आराखडा त्यांच्या चरित्रकारांनी मांडून ठेवला आहे. मूळ गाव चिपळूणच्या बाजूचे पाचेरी, गोत्र भारद्वाज. खापरपणजोबा भगवंतराव कोकण सोडून घाटावर आले आणि पंढरपूरजवळच्या करकंबला स्थिरावले. पणजोबा भास्करराव ऊर्फ अप्पाजी सांगलीच्या पटवर्धनांच्या पदरी राहिले आणि संस्थानाचे वकील म्हणून पुण्यात वावरले. आजोबा अमृतराव पुणे जिल्ह्यात मामलेदार झाले. वडील निफाडला कारकुनी करून पुढे कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत गेले आणि तिथेच वर चढले. नातू मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाला. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या अकाली निधनाने रिकामी झालेली जागा १८९३ साली त्याला मिळाली.

कोकणातून देशावर, देशावरून संस्थानी दरबारात, तिथून कंपनी सरकारच्या कचेरीत आणि शेवटी राणीच्या न्यायालयात असा हा पाच पिढ्यांचा प्रवास आहे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत लेखणीवर जगणाऱ्या शेकडो घराण्यांनी हीच वाट धरली. पेशवाई बुडाली तेव्हा या लोकांचे धनी बदलले, पण हिशेब, खलिते आणि निवाडे लिहिणाऱ्या माणसाची गरज नव्या धन्यालाही होतीच. रानड्यांची बुद्धी त्यांची स्वतःची होती, यात शंका नाही. पण ज्या घरात तीन-चार पिढ्या कागद वाचला जात होता, त्या घरात ती जन्माला आली ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. चरित्रे लिहिताना आपण पहिल्या गोष्टीवर पाने खर्च करतो आणि दुसरी एका परिच्छेदात उरकतो.

हा आराखडा पारखून घ्यायचा, त्यातल्या फटी भरायच्या, तर महाराष्ट्रात एक साधन असे आहे की जगातल्या कितीतरी देशांतल्या वंशशोधकांना त्याचा हेवा वाटावा. ते साधन नाशिकला आणि त्र्यंबकेश्वरला आहे. रामकुंडावर किंवा कुशावर्तावर श्राद्धाला, अस्थिविसर्जनाला, सिंहस्थाच्या स्नानाला आलेल्या यजमानाला तीर्थोपाध्याय पहिल्यांदा दोनच गोष्टी विचारतात: आडनाव काय आणि मूळ गाव कोणते. त्यावरून त्या घराण्याचे उपाध्याय कोण ते ठरते आणि लाल कापडात बांधलेली वही बाहेर निघते. तिच्यात आजोबा-पणजोबांची नावे असतात, भाऊबंदांची असतात, ते कोणत्या साली कशासाठी आले होते ते असते. पुष्कळदा हा मजकूर खुद्द यजमानाच्या हातचा असतो. जुनी पाने मोडीत, नंतरची बाळबोधीत. वही गावावर आणि आडनावावर लावलेली असल्यामुळे अनोळखी माणसालाही पाच-दहा मिनिटांत आपल्या खापरपणजोबाची सही पाहायला मिळते. अशा वेळी भले भले हिशेबी लोकही गप्प होतात, हे रामकुंडाच्या पायऱ्यांवर ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको.

या वह्या उपाध्यायांच्या घरात वारशाने उतरतात आणि भावांत वाटणी झाली की गावेही वाटली जातात. एकोणिसाव्या शतकात अशा वंशपरंपरागत उपाध्येपणाचे तंटे न्यायालयांपुढे आले, तेव्हा मुंबईच्या उच्च न्यायालयाने ग्रामजोशीपणाची वृत्ती ही स्थावर मिळकत मानली. जमिनीचा तुकडा आणि यजमानांची यादी कायद्याच्या नजरेत एकाच पंक्तीला बसली. रानड्यांसारख्या न्यायाधीशांना हे निवाडे चांगलेच ठाऊक असणार.

मग रानडे घराणे या वह्यांत शोधायचे कसे? निफाडच्या पानांवर ते शोधून उपयोग नाही. निफाड हे बदलीचे गाव. गोविंदराव तिथे नोकरीला आले आणि मुलगा दोन-तीन वर्षांचा असताना तिथून निघून गेले. वहीचा हिशेब मूळ गावावर चालतो, म्हणून पाचेरीचे पान उघडायला हवे, आणि वंशज करकंबकर म्हणून आले असतील तर करकंबचेही. ज्या गावाला आपण थोर माणसाचे जन्मगाव म्हणून मिरवतो, त्या गावाच्या नावाखाली त्याच्या कुळाची नोंद नसण्याचा संभव मोठा. नोकरदार घराण्यांच्या बाबतीत हे पदोपदी घडते, आणि आज पुण्या-मुंबईत जन्मलेल्या, बंगळुरूला वाढलेल्या मुलांच्या बाबतीत तर उद्या हाच घोळ शंभरपट वाढणार आहे.

आडनावाचीही खात्री नाही. १८७८ साली रानडे पहिल्या वर्गाचे सबजज्ज म्हणून नाशिकला बदलून आले, तेव्हा इथे आणखी एक मोठे न्यायाधीश होते, लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख. या घराण्याचे मूळ आडनाव सिद्धये. देशमुखीचे वतन मिळाले आणि वतनाचे नाव आडनाव होऊन बसले. लोकहितवादींच्या कुळाचा माग काढणाऱ्याला देशमुख या नावाने काही पिढ्याच मागे जाता येते, त्यापुढे सिद्धये म्हणून शोधावे लागते. महाराष्ट्रात पाटील, कुलकर्णी, देशपांडे, जोशी ही आडनावे अशीच कामावरून पडली आहेत, आणि त्यांच्या तळाशी कोणते जुने नाव आहे हे त्या घरांतल्या तरुणांना बहुधा माहीत नसते.

एकाच वेळी एकाच गावात हे दोन न्यायाधीश असणे हा नाशिकच्या इतिहासातला भाग्याचा काळ होता. दोघांनी मिळून प्रार्थनासमाजाच्या कामाला आणि स्त्रियांना एकत्र आणण्याच्या खटपटीला इथे जोर दिला. पुण्याच्या मोठ्या घरातल्या बायकांच्या धाकापासून दूर असलेल्या रानड्यांच्या पत्नी रमाबाईंना नाशिकात मोकळेपणाने शिकता आले, चार माणसांत बोलण्याचे धैर्य इथे अंगी येऊ लागले. वर्ष-दीड वर्षातच, १८७९ साली, वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या आणि पुण्यातल्या वाड्यांना लागलेल्या आगींच्या धामधुमीत सरकारने रानड्यांना धुळ्याला पाठवले. तिथे त्यांचे टपाल फोडून पाहिले जात होते.

हे आपल्याला ठाऊक आहे, कारण रमाबाईंनी ते लिहून ठेवले. १९१० साली प्रसिद्ध झालेले त्यांचे 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' हे पुस्तक नसते, तर रानड्यांचे घराणे म्हणजे वर सांगितलेली हुद्द्यांची शिडी एवढेच आपल्या हाती उरले असते. निफाड सोडून कोल्हापूरकडे जातानाची ती हकिकत घ्या. बैलगाडीचा रात्रीचा प्रवास, आत आई गोपिकाबाई आणि मुले. गाडीने हिसका खाल्ला आणि अडीच वर्षांचा महादेव झोपेतच खाली घरंगळला. गाडी पुढे निघून गेली. मागून घोड्यावरून येणाऱ्या विठूकाकांना अंधारातून मुलाची हाक ऐकू आली आणि त्यांनी त्याला उचलून घेतले. मुंबई-ठाणे आगगाडी सुरू व्हायला अजून आठ-नऊ वर्षे होती. असा एक प्रसंग त्या काळचा रस्ता, घरातली माणसे आणि त्यांचे परस्परांशी असलेले नाते जितके स्पष्ट दाखवतो, तितके दहा सरकारी हुकूम दाखवत नाहीत. विठूकाका हे नाव कोणत्याही हुद्द्यामुळे इतिहासात आले नसते.

बायकांच्या बाबतीत तर हे फारच खरे आहे. गोपिकाबाई मुलाच्या लहानपणीच गेल्या. बहीण दुर्गाबाई लहान वयात विधवा झाली आणि माहेरी राहिली. पहिली पत्नी सखूबाई, वाईच्या दांडेकरांची मुलगी, १८७३ साली वारली. महिना-दोन महिन्यांच्या आत गोविंदरावांनी मुलाचे दुसरे लग्न लावून दिले, कारण विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा हा मुलगा विधवेशी लग्न करील अशी त्यांना धास्ती होती. वधू अकरा वर्षांची यमुना, देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची. लग्नात तिची रमा झाली. बत्तिशीला पोचलेला सुधारक बापाच्या शब्दापुढे नमला, याबद्दल लोकांनी त्याला पुढे आयुष्यभर टोचले, आणि ती टोचणी त्याच्याही मनात राहिली. घरातल्या या ताणाची एकही रेघ वंशवृक्षाच्या तक्त्यात उमटत नाही. तक्त्यात लिहिले जाते ते एवढेच: महादेव, पत्नी दोन, अपत्य नाही.

म्हणजे कुलवृत्तांताच्या हिशेबाने या फांदीला पुढे पान नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांपासून रानड्यांसारख्या चित्पावन घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापायला सुरुवात केली आणि आज ते अनेक पिढ्यांच्या नोंदींचे भांडार झाले आहे. मॉरीन पॅटरसन या अमेरिकन विदुषीने १९६८ साली त्यांच्यावर निबंध लिहून समाजशास्त्राचे साधन म्हणून त्यांची किंमत दाखवून दिली. या ग्रंथांमागचे कष्ट मोठे आहेत. घरोघर पत्रे धाडून, तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहून, वृद्धांना बोलते करून ते सिद्ध झाले. पण त्यांचा कणा बापाकडून मुलाकडे जातो. ज्या घराची हकिकत एका निपुत्रिक बाईने वाचवली, त्या घराचा इतिहास या कण्यावर पुरता बसत नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन न्यायाधीशाच्या घराण्याचा शोध कसा लागतो, हे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. तिथे दर दहा वर्षांची शिरगणती १७९० पासून आहे आणि १८५० पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव तिच्यात लिहिलेले आहे. चर्चची बाप्तिस्म्याची पुस्तके, मृत्युपत्रे, घरच्या बायबलमधल्या जन्ममृत्यूच्या नोंदी हे सगळे संशोधकाला पाहायला मिळते. आपल्याकडची पहिली देशव्यापी शिरगणती १८७२ च्या सुमाराची, आणि तिच्यातून आकडे मिळतात, घरातल्या माणसांची नावे मिळत नाहीत. कागदाच्या बाबतीत अमेरिका श्रीमंत आहे. पण १८५० आणि १८६० च्या त्याच शिरगणतीत गुलामांची यादी वेगळी केली होती. मालकाच्या नावाखाली गुलामाचे वय, लिंग आणि वर्ण लिहिला जाई, नाव लिहीत नसत. आफ्रिकन वंशाच्या बहुसंख्य कुटुंबांची कागदोपत्री ओळख १८७० सालाशी येऊन थांबते, ती यामुळे.

न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांच्या घराण्याचे उदाहरण घ्यावे. केंटकीचे हे घर गुलाम बाळगणारे होते. याच हार्लन यांनी १८९६ साली प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन खटल्यात, आगगाडीत काळ्या-गोऱ्यांचे डबे वेगळे ठेवण्याच्या कायद्याविरुद्ध, सर्वोच्च न्यायालयात एकट्याने भिन्नमतपत्र दिले. त्यांच्या वडिलांच्या घरात रॉबर्ट हार्लन नावाचा गुलाम म्हणून जन्मलेला मुलगा वाढला होता, पुढे तो स्वतंत्र होऊन सिनसिनाटीत नावारूपाला आला. तो न्यायमूर्तींचा सावत्र भाऊ असावा असा तर्क अभ्यासकांनी बराच काळ केला. अलीकडे वंशजांची डीएनए चाचणी झाली तेव्हा पुरुषवंशाचे नाते जुळले नाही. रक्ताचे नाते असो वा नसो, ज्या घरात हा मुलगा लहानाचा मोठा झाला त्या घराचा इतिहास त्याला वगळून लिहिता येत नाही. हार्लन यांच्या भिन्नमताची मुळे शोधणारे अभ्यासक आता रॉबर्टच्या आयुष्यापाशी थांबतात.

कोण वगळले गेले, हा प्रश्न आपल्या वह्यांनाही विचारावा लागतो. रामकुंडावरच्या वहीत नाव कोणाचे लागले? ज्याला कुंडापर्यंत येऊ दिले त्याचे. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्या मोहनदास गांधींना १८९१ साली त्यांच्या भावाने राजकोटला नेण्याआधी नाशिकला आणून गोदावरीत स्नान घडवले. समुद्र ओलांडल्यामुळे जातीशी तुटलेला धागा इथे जोडता येत होता, कारण मुळात तो धागा होता. ज्यांना पाण्याजवळच उभे राहू दिले नाही, त्यांच्यासाठी वहीचे पान उघडलेच गेले नाही. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाड व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पाच वर्षे चालवला, तरी दार उघडले नाही. त्यानंतर १९३५ च्या ऑक्टोबरात, निफाडला लागूनच असलेल्या येवल्यात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली.

बाबासाहेबांच्या घराण्याचे मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातले. म्हणजे पाचेरी आणि आंबडवे दोन्ही जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातली गावे. एका घराण्याचा माग गोत्र, वतन, संस्थानी दप्तर, कुलवृत्तांत आणि तीर्थाची वही अशा पाच ठिकाणी घेता येतो. दुसऱ्याचा माग बाबासाहेबांचे वडील, लष्करात सुभेदार झालेले रामजी, यांच्या नोकरीतून आणि साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरातून लागतो. ७ नोव्हेंबर १९०० ही बाबासाहेबांच्या तिथल्या प्रवेशाची तारीख. कागद कोणी, कोणासाठी ठेवला, यावर आपल्या पूर्वजांची आपल्याला होणारी ओळख ठरते. महार, मांग, भिल्ल, कोकणा, वारली घरांतल्या मुलांनी खापरपणजोबाचे नाव विचारले तर त्यांना पलटणीची कागदपत्रे, गिरण्यांचे हजेरीपट, मिशनच्या शाळा, जंगलखात्याची दप्तरे यांच्याकडे जावे लागते. या कागदांची यादी करण्याचे काम कुलवृत्तांतांइतक्या निष्ठेने अजून कोणी अंगावर घेतलेले नाही, आणि हे मला फार अन्यायाचे वाटते.

स्वतः रानड्यांना या विचाराचे वावडे नव्हते. पेशव्यांच्या रोजनिशीतले उतारे गणेश चिमणाजी वाड यांनी निवडले. त्यांना जोडून १९०० साली रानड्यांनी एक निबंध वाचला. लढाया आणि तहनामे यांच्यापलीकडे जाऊन करवसुली, शिक्षा, वेठ, गुलामगिरी, लग्नाचे नियम अशा बाबींतून रयत कशी जगत होती हे दप्तरातून वाचता येते, असा त्यांचा रोख होता. मृत्यूच्या आदल्या वर्षी, प्रकृती ढासळलेली असताना, हा न्यायाधीश मोडी दप्तरात सामान्य माणूस शोधत होता. १८ जानेवारी १९४३ रोजी रानड्यांच्या एकशे एकाव्या जयंतीला पुण्यात व्याख्यान द्यायला डेक्कन सभेने बाबासाहेबांना बोलावले. 'रानडे, गांधी आणि जिना' हे ते व्याख्यान. राजकीय स्वातंत्र्यापेक्षा सामाजिक न्यायाची लढाई अवघड असते आणि ती रानडे लढले, हे त्यांनी तिथे निःसंदिग्धपणे मांडले. काळारामाच्या दारातून परत पाठवलेल्या माणसाने रानड्यांशी सांगितलेले हे नाते मला त्यांच्या पाच पिढ्यांच्या शिडीइतकेच खरे वाटते.

नाशिकने आता काय करावे, हे रोखठोक लिहिण्याची वेळ आली आहे. तीर्थोपाध्यायांच्या वह्या त्यांच्या घरची मिळकत आहेत आणि त्या तशाच राहाव्यात. पण कागद जीर्ण होतो आहे, मोडी वाचणारे कमी होत आहेत, पुढच्या पिढीतली मुले दुसऱ्या व्यवसायांत चालली आहेत. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे सूक्ष्मचित्रण अमेरिकेतल्या युटाहच्या वंशशास्त्र संस्थेने काही दशकांपूर्वी सुरू केले. परक्या देशातल्या संस्थेला जे सुचले ते इथल्या विद्यापीठांना, सार्वजनिक वाचनालयाला, महापालिकेला सुचायला हरकत नव्हती. उपाध्यायांच्या संमतीने, त्यांना रास्त मानधन देऊन, मूळ वही त्यांच्याकडेच ठेवून प्रती काढाव्यात. हयात माणसांच्या नोंदी बंद ठेवाव्यात आणि शंभर वर्षांपलीकडचे अभ्यासकांना खुले करावे. त्याच योजनेत पलटणीचे, शाळांचे, मिशनचे, जंगलखात्याचे कागद धरले जावेत, नाहीतर आपण जुनीच यादी नव्या यंत्रात भरू.

२०२७ च्या सिंहस्थात लाखो माणसे गोदाकाठी येतील आणि वह्यांत पुन्हा लेख पडतील. घरातल्या सुनेचे माहेरचे नाव आणि गाव, मुलींची नावे, अविवाहित बहिणीचे आणि विधवा आत्याचे नाव त्या पानावर स्वतः सांगून लिहवून घेता येते, कारण वहीत काय लिहायचे ते यजमानच सांगतो. आणि निफाडमध्ये रानड्यांच्या नावाचे जे काही उभे राहील, त्यात गोपिकाबाई, दुर्गाबाई, सखूबाई, रमाबाई आणि विठूकाका यांची नावे न्यायमूर्तींच्या नावाच्या बरोबरीच्या अक्षरांत असावीत.